पडद्यावरचं पानी

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
मंगळवार, २३ नोव्हेंबर २००४

प्रिय रेजिना,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील, आणि तरीही ते फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. जवळजवळ चार वर्षांनी लिहितेय. अशा पत्राची सुरुवात रडून करायची पद्धत असते, पण रडकं पत्र तू पहिल्या ओळीनंतर घडी घालून ठेवशील हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आधी गेमांबद्दल सांगते. या चार वर्षांत कितीतरी नव्या गेम आल्या, त्यातल्या कुठल्या तू पाहिल्यास कोण जाणे, मी मात्र हाताशी आलेली एकही सोडलेली नाही. आणि आता नीट बसून ऐक : मी खेळते. शेजारी वही घेऊन बसणारी स्वप्ना गेली. आता रिमोट माझ्या हातात असतो, उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय, आणि 'मिडियम'च्या खाली मी कुठलीही गेम सुरू करत नाही.

गेल्या वर्षी ती शहराची गेम आली, अख्खं शहर मोकळं सोडलेली. कुठेही जा, कुणाचीही गाडी उचल, पोलीस मागे लागले की पळ. सगळं जग त्यात पळत असतं. मी पहिले दोन रविवार सिग्नल पाळून गाडी चालवली. लाल दिवा लागला की थांबायचे, मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या, तरी थांबायचे. सिद्धेश डोक्याला हात लावून म्हणाला, "अगं, ही गेम अशी नसतात खेळत!" मी म्हटलं, ज्याने एवढं शहर बांधलं त्याने सिग्नलही बांधलेत, ते चालतात की नाही हे कुणीतरी बघायला नको का? चालतात. चारही रस्त्यांचे बरोबर चालतात. पण पाऊस आला की तिथली माणसं छत्र्या उघडतात आणि पावलं मात्र त्याच संथपणे टाकत राहतात. कुणी दुकानाच्या आडोशाला जात नाही, कुणी साडी वर धरत नाही. हे मी माझ्या सदरात लिहिलं आणि वाचकांची अकरा पत्रं आली.

सिद्धेश म्हणजे माझा नवरा. मागच्या वर्षी मे महिन्यात लग्न झालं. तो गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे, स्वभावाने शांत आहे आणि गेममध्ये अगदीच ढ आहे. भिंतीला गाडी लावून ठेवतो आणि रस्ता संपला म्हणतो. पत्रिकेवर तुझं नाव लिहिलं होतं. ती पत्रिका अजून कपाटात आहे. का ते खाली येईल.

ती रिकाम्या बंगल्याची गेम आठवते? ज्यात जिन्यावरून काहीतरी घसटत खाली यायचं आणि मी रिमोट न धरताच उशीत तोंड खुपसायचे? तिचा नवा भाग आला या उन्हाळ्यात. मी एकटीने, दुपारी दारं-खिडक्या लावून, पूर्ण केला. सात दिवस लागले. आणि तुला सांगते, पहिल्या भागाइतकी भीती त्यात नाही. पहिल्या भागात आवाज आधी यायचा आणि ते खूप उशिरा दिसायचं. आता बनवणाऱ्यांना आपली भुतं फार आवडू लागलीत, दोन मिनिटांत दाखवून मोकळे होतात. क्रिकेटची नवीन गेम मात्र धड आहे. फिरकी खरंच फिरते. फक्त समालोचन करणारा माणूस चौकार गेला तरी त्याच पडेल आवाजात बोलतो, जणू घरी जायची वेळ झालीय त्याची.

बघ, लिहायला लागले की माझी गाडी थांबत नाही. मी चांगलं लिहिते, रेजिना. यात मला कधी शंका नव्हती, आजही नाही. 'कळफलक' मासिकात पाच वर्षं माझं सदर चालू आहे, ते कुणाच्या मेहरबानीवर नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून तुला वाटेल की ही आता कोसळलीय. कोसळलेली नाही. उलट खूप दिवसांनी सरळ बसून लिहितेय.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं होतं ते तुला कधी कळलं नाही. अठ्ठ्याण्णव साली तुझा भाऊ फ्रान्सिस जहाजावरून सुट्टीवर आला आणि सिंगापूरहून ते करड्या रंगाचं गेमचं मशीन घेऊन आला. कॉलेजात तू मला एवढंच म्हणालीस, "घरी ये, गंमत हाय." मी पहिल्यांदा वसईला, पाचूबंदरला आले ती त्या दिवशी. मी कोरेगावची, घाटावरची. तिसरीत असताना नालासोपाऱ्याला आले, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कळंबला, तोही काठावरून, चपला हातात घेऊन. तुझ्या घरात खिडकीच्या चौकटीत होड्या होत्या. तुमच्या चर्चमधल्या माऊलीच्या तसबिरीखाली टीव्ही, टीव्हीखाली मशीन, आणि तुझ्या आई, बेटीमावशी, दारात बसून सुकटीतला कचरा निवडत मधूनच पडद्याकडे बघायच्या. फ्रान्सिस दर सहा-आठ महिन्यांनी यायचा आणि दर वेळी नव्या सीडी आणायचा. मुंबईत ज्या गेमचं नावही कुणाला ठाऊक नसायचं ती आपण तुझ्या घरी बसून पाहायचो.

पाहायचो म्हणजे तू खेळायचीस आणि मी पाहायचे. तुझी खेळायची तऱ्हा मी अजून कुणात पाहिली नाही. नवी गेम लावली की बाकीचे आधी बटणं दाबून बघतात. तू दहा-दहा मिनिटं काहीच करायची नाहीस. माणूस जिथे उभा केलाय तिथेच ठेवायचीस आणि नुसती बघत बसायचीस. झाडं कशी हलतात, सावली कुठे पडते, मागे कोण चालतंय. मी कंटाळून म्हणायचे, "अगं, चल ना पुढे." आणि तू म्हणायचीस, "थांब, आधी जागा कशी हाय ते कळू दे."

ती समुद्री चाच्यांची गेम आली तेव्हा मी हरखून गेले होते. एवढं निळं पाणी मी टीव्हीवर कधी पाहिलं नव्हतं. तू होडी मधोमध उभी केलीस, बघत बसलीस आणि म्हणालीस, "स्वप्ना, हे पानी खोटं हाय गं. शीड मागून फुगलंय, म्हंजे वारा मागून. आनि लाट येते समोरून. असं कोनी पाहिलंय का?" मला काही कळलं नाही. मग तू मला खिडकीशी नेऊन बाहेरच्या पाण्यावर बोट ठेवून दाखवलंस. मतलई वारा कसा जमिनीवरून सुटतो, पाणी कसं चुरगळतं, तुझे बाबा तोंडावर वारा घेऊन दिशा कशी सांगतात. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. तुझं वाक्य जसंच्या तसं, आणि समासात 'रे.' असं लिहिलं, म्हणजे रेजिना. मला सवयच लागली होती. 'रे. : ह्या गाडीला वजनच नाही. वळताना आतली मान्सं झुकत नाहीत.' 'रे. : मारामारीत हा मानूस श्वास घेत नाही, म्हनून दमत नाही.' बेटीमावशींचं एक वाक्यही आहे. शेतीची गेम चालू होती, त्यातली बाई बाजारात भाजी विकत होती, आणि मावशी दारातून म्हणाल्या, "कोनी घासाघीस करीत नाय? ह्यो कसला बाजार?" आपण किती हसलो होतो.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये मी 'कळफलक'ला पहिला लेख पाठवला. चाच्यांच्या गेमवर. शीर्षक दिलं 'खोटं पाणी'. तुझं 'पानी' मी 'पाणी' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, आणि खाली नाव लिहिलं स्वप्ना शिंदे. लेख छापून आला तो घेऊन मी धावत तुझ्याकडे आले. तू वाचलास. दोनदा वाचलास. मग म्हणालीस, "चांगलं लिवलंस." मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही, कारण मला तिथे काय दिसेल याचा अंदाज होता. मी अंक उलटून पुढचं पान दाखवायला लागले. तो धरून पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत वीस लेख. दर लेखात तुझे डोळे, तुझी बोटं, तुझी वाक्यं धुऊन-इस्त्री करून. लोक म्हणायचे, या मुलीला जे दिसतं ते कुणाला दिसत नाही. एका वाचकाने लिहिलं की लेखिका नक्की समुद्राकाठी वाढलेल्या असाव्यात. संपादक मनोरमाबाईंनी माझा परिचय मागवला, तेव्हा मी लिहून दिलं : 'वसईच्या किनाऱ्यावर बालपण.' कोरेगाव खोडून.

आणि मग दोन हजार एकच्या जानेवारीतला तो दादरचा कार्यक्रम. मासिकाचा वर्धापनदिन. मला शाल आणि नारळ मिळणार होता. तू बेटीमावशींची मोतिया साडी नेसून आली होतीस, केसात अबोली होती. मला तुला सोबत न्यायचंच होतं, यावर विश्वास ठेव. चहाच्या वेळी ते चष्मेवाले गृहस्थ तुझ्याकडे वळले आणि त्यांनी अगदी आदराने विचारलं, "तुम्हीही लिहिता का?" तू तोंड उघडलंस. तू काय बोलणार होतीस ते मला आजतागायत माहीत नाही. मी तुझ्या आधी बोलले. म्हणाले, "ही माझी मैत्रीण. हिच्याकडे मशीन आहे."

हिच्याकडे मशीन आहे.

ते तोंडातून निघालं त्याच क्षणी मला कळलं होतं. नंतर विचार करून कळलं, चुकून बोलून गेले, असलं काही मी तुला सांगणार नाही. मला भीती वाटली होती की तू 'पानी' म्हणशील आणि त्या माणसाला सगळं उमगेल. तू कप खाली ठेवलास. परत येताना तू पापलेटाचे भाव, शेजारच्या रोझमेरीच्या लग्नातला बँड, असं काय काय बोलत होतीस, नेहमीपेक्षा जास्तच बोलत होतीस. पुढच्या रविवारी मी आले तेव्हा टीव्हीखालची जागा रिकामी होती. तू म्हणालीस, "फ्रान्सिस मशीन घेऊन गेला." फ्रान्सिस तेव्हा समुद्रावर होता आणि मशीनची वायर टीव्हीच्या मागून तशीच लोंबत होती. मी ती पाहिली. मी पाहिली हे तूही पाहिलंस. बेटीमावशींनी चहा दिला, मी प्याले, आणि निघाले. मला वाटलं होतं की तू भांडशील आणि मग मला माफी मागता येईल. तू भांडली नाहीस, आणि मी तेवढ्याच सोयीवर चार वर्षं काढली.

त्यानंतर मी स्वतःचं मशीन घेतलं. पहिले चार महिने हसं झालं माझं. पहिल्याच पुलावरून दरीत पडायचे. पण शिकले. हट्टाने शिकले. आता मी जे लिहिते ते माझं असतं, सिग्नलचं, छत्र्यांचं, समालोचकाच्या पडेल आवाजाचं. त्यातलं काहीही तुझ्याकडून उचललेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. पण 'आधी जागा कशी आहे ते कळू दे' हे तर तुझ्याकडूनच आलं ना? तेवढं शिकणं आणि वीस लेख उचलणं यात फरक असतो आणि तो फरक मला समजतो.

आणखी एक. मागच्या वर्षी मार्चमध्ये कोळ्यांच्या होडीची ती जपानी गेम आली, तिच्यावर मी लिहिलं होतं की यातलं पाणी अगदी खरं वाटतं. पंधरा दिवसांनी मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. शिक्का वसईचा. 'पाणी दिसायला खरं आहे. पण ओहोटी लागलेली असताना होडी आपोआप बंदराकडे येते, हे तुम्हाला खरं वाटतं का? एक वाचक.' प्रमाण मराठीत, जपून, प्रत्येक 'ण' ठसठशीत गिरवून लिहिलेलं. ते अक्षर मी ओळखणार नाही असं तुला वाटलं की ओळखावं असं वाटलं? ते कार्ड छापायला हवं होतं. चूक माझी होती आणि ती उघड होती. मी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि कुणाला दाखवलं नाही. माझ्या सगळ्या चुकांत मला हीच जास्त खुपते, कारण दादरला मी निदान घाबरले होते. इथे नुसती कोती वागले. पण त्या कार्डाने एक कळलं, की तू अजून माझं सदर वाचतेस. लग्नपत्रिका टाकायला पाकीट घेतलं तेव्हा हेच आठवलं आणि हात थांबला. अक्षता टाकायला तू यावीस असं मला फार वाटत होतं, आणि तू आलीस तर तुझ्यासमोर उभी कशी राहू हे कळत नव्हतं.

आता या महिन्यातलं सांगते. दोन तारखेला मनोरमाबाईंचा फोन आला. सदरातल्या निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरलंय. मराठीत असं पुस्तक अजून नाही, त्या म्हणाल्या, आणि मी स्वयंपाकघरात उड्या मारल्या. त्यांनी स्वतः बसून चोवीस लेख निवडले आणि यादी पाठवली. मी यादीवर तारखा टाकत गेले. चोवीसपैकी एकोणीस लेख त्या विसांतले. माझे पाच. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी फक्त चांगले वेचले होते.

ती यादी मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. सिद्धेशला सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि शेवटी म्हणाला, "वह्या आहेत का अजून?" आहेत. चारही आहेत. तो म्हणाला, "मग तुला काय करायचं ते तुला कळलेलंच आहे." पाचव्या दिवशी वह्या घेऊन मी दादरच्या ऑफिसात गेले आणि मनोरमाबाईंच्या टेबलावर ठेवल्या. आजवर मी त्यांच्यासमोर कधी अडखळले नव्हते, त्या दिवशीही नाही. सगळं ओळीने सांगितलं. चष्मेवाले गृहस्थ, मशीन, पोस्टकार्ड, कोरेगाव. त्यांनी वह्या उघडल्या. तासभर वाचत होत्या, हातात लाल पेन्सिल, आणि जिथे जिथे 'रे.' दिसेल तिथे एक बारीक टिंब देत होत्या. पुढच्या खोलीत फोन वाजत होता तो त्यांनी उचलू दिला नाही. मग मान वर करून विचारलं, "ही मुलगी आता असते कुठे?"

मी म्हटलं, "पाचूबंदरला. तिथेच."

"म्हणजे तुझ्या घरापासून किती लांब?"

"रिक्षा मिळाली तर अर्धा तास."

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. त्यांनी मला रागावायला हवं होतं, मी तयारीने गेले होते. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "लिहिणारीने लिहिलंय उत्तम, त्यात वाद नाही. पण मी पाच वर्षं जे निवडत आले ते हे." आणि पेन्सिलीने एका टिंबावर टकटक केलं. मग विचारलं, "आता तू काय करणार आहेस?"

त्या दिवसापासून आज सकाळपर्यंत मी काय केलं ते सांगते. ते एकोणीस लेख घेतले आणि वह्या शेजारी उघडून बसले. जिथे जिथे तुझं वाक्य होतं तिथून माझं इस्त्री केलेलं वाक्य काढलं आणि तुझं, जसं तू बोललीस तसं, परत घातलं. 'पानी' तर पानी. 'हाय' तर हाय. ते तुझं आहे हे कळावं म्हणून तुझ्या नावानिशी घातलं. सुरुवातीला वाटलं होतं की लेख तुटक होतील. झालं उलटंच. माझी गोष्ट सांगायची हातोटी आणि तुझं बोलणं शेजारी-शेजारी आल्यावर लेखांना जो जीव आलाय तो आधी नव्हता, आणि हे मी तुला खूश करायला म्हणत नाही. तूच वाचून ठरव. जिथे वहीत नाही आणि मला नुसतं आठवतं, तिथे कडेला प्रश्नचिन्ह केलंय. बेटीमावशींचं बाजाराचं वाक्य त्यांच्या नावाने घातलंय. होडीच्या लेखाखाली तुझं पोस्टकार्ड छापायचं आहे, आणि त्याखाली माझी कबुली. परिचयात कोरेगाव परत आलंय. मासिकाच्या एक डिसेंबरच्या अंकात मी माझ्या नावाने एक पानभर निवेदन दिलंय, त्यात हे सगळं आहे, फक्त तुझं नाव नाही. ते तुला न विचारता छापायचा हक्क मला नाही.

रोझमेरी मागच्या आठवड्यात वसईला पापडीच्या बाजारात भेटली. तिच्याकडून कळलं की तू गोखिवऱ्याला साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहेस, कॉम्प्युटरवर चालणारी लेथ तुझ्या हाताखाली आहे, आणि मालक नव्या माणसांना आधी तुझ्याशेजारी उभं करतात. ऐकून मला इतका अभिमान वाटला की रोझमेरीला चहा पाजला. पडद्यावरचं पातं आधी दहा मिनिटं नुसती बघत असशील, याची मला खात्री आहे. कारखाना सिद्धेशच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, तेव्हा तुला गाठणं मला अजिबात अवघड नव्हतं. पण मी समोर आले की बोलत सुटते, आणि तुझ्या आधी बोलते. म्हणून पोस्टाने लिहितेय. या वेळी तू आधी बोल, किंवा बोलू नकोस.

तर हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता. सोबतच्या जाड पाकिटात पुस्तकाचं पूर्ण हस्तलिखित आहे. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, रेजिना मच्याडो आणि स्वप्ना शिंदे. तुझं आधी आहे, कारण 'र' आधी येतो. त्यात उपकार काही नाहीत. वाच, आणि जे खोटं वाटेल ते खोड. माझी वाक्यंसुद्धा खोड. संपूर्ण पुस्तकच नको वाटलं तर पहिल्या पानावर काट मारून परत पाठव. तू हो म्हटल्याशिवाय ते निघणार नाही, असं मी मनोरमाबाईंना लिहून दिलंय आणि त्यांनी त्यावर सही केलीय. प्रस्तावनेची चार पानं मी कोरी ठेवली आहेत. ती तुझी. तिथे हवं ते लिही, तुझ्या घरात बोलतात त्या बोलीत लिही, माझ्याबद्दल लिहायचं असेल तर तेही लिही, कितीही कडू असलं तरी. एक काना-मात्रा न बदलता ते छापलं जाईल. मनोरमाबाई पंधरा जानेवारीपर्यंत थांबणार आहेत. मी त्यानंतरही थांबणार आहे.

तुझीच म्हणवून घ्यायची हिंमत अजून असलेली,
स्वप्ना